फुलांवरचे भिंत नसलेले जिवाणू : गोळा कसे करायचे, वाढवायचे कसे, ओळखायचे कसे

उमललेल्या फुलाच्या मकरंदात यीस्ट असतं आणि पाकळ्यांवर नेहमीचे जिवाणू असतात, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. त्याच ओलाव्यात पेशीभित्तिकाच नसलेले जिवाणूही राहतात, ते मात्र सहसा कुणाच्या हाती लागत नाहीत. साध्या न्यूट्रिएंट आगरवर ते उगवत नाहीत, ग्रॅम रंजनात धड दिसत नाहीत, आणि नमुना डिस्टिल्ड वॉटरने धुतला तर पहिल्या मिनिटातच फुटून जातात. खाली दिलेली पद्धत फुलांच्या आणि पानांच्या पृष्ठभागावरून हे जिवाणू जिवंत मिळवण्यासाठी आहे. निर्जंतुक कक्ष, ऑटोक्लेव्ह, ३० अंशांचा इनक्युबेटर आणि डार्क-फील्ड कंडेन्सर असलेला सूक्ष्मदर्शक एवढं हाताशी असलं की काम होतं.

आपण नेमकं काय शोधतोय

या सगळ्यांचा वर्ग मॉलिक्यूट्स. फुलांवर प्रामुख्याने चार प्रकार भेटतात. स्पायरोप्लाझ्मा मळसूत्रासारखे पीळदार असतात आणि स्वतः हालचाल करतात. मेसोप्लाझ्मा आणि एन्टोमोप्लाझ्मा गोलसर किंवा आखूड धाग्यासारखे असतात, त्यांना पीळ नसतो. अ‍ॅकोलेप्लाझ्माही तसेच दिसतात, पण त्यांना वाढायला स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या गटातलं स्निग्ध द्रव्य) लागत नाही. स्पायरोप्लाझ्मा फ्लोरिकोला हा ट्यूलिप वृक्षाच्या फुलांवरून मिळाला आणि १९८१ मध्ये त्याचं नामकरण झालं. आज मेसोप्लाझ्मा फ्लोरम म्हणून ओळखला जाणारा जिवाणू लिंबाच्या फुलावरून मिळाला होता. १९८४ मध्ये त्याची नोंद झाली ती अ‍ॅकोलेप्लाझ्मा या प्रजातीत. म्हणजे जुने लेख वाचताना एकच जिवाणू दोन नावांनी भेटू शकतो.

हे फुलावर येतात कुठून? कीटकांच्या आतड्यातून. मधमाश्या, गांधीलमाश्या, माश्या, भुंगेरे मकरंद पितात तेव्हा तोंडातून थोडा द्रव परत सांडतो, विष्ठाही पडते, आणि पुढचा कीटक ते उचलून नेतो. फूल हे त्यांचं देवाणघेवाणीचं ठिकाण आहे. नमुना कधी घ्यायचा आणि कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कोणता ठेवायचा, हे यावरूनच ठरतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. फुलांचं पानांत रूपांतर होणं, झाडाला बारीक पानांचे झुबके येणं, हे फायटोप्लाझ्माचं काम असतं. त्यालाही भित्तिका नसते, पण तो रसवाहिनीच्या आत राहतो, तुडतुड्यांमार्फत पसरतो, आणि इथे दिलेल्या माध्यमावर वाढत नाही. त्याचा शोध शिरांमधून डीएनए काढून पीसीआरनेच (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखण्याच्या चाचणीने) घ्यावा लागतो. रोगट झाडाचं फूल धुऊन फायटोप्लाझ्मा मिळेल या आशेवर आठवडे घालवू नका.

भित्तिका नसण्याचे परिणाम

पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती नीट समजून घ्या. पेशीला बाहेरून आधार नाही, फक्त पटल आहे. त्यामुळे बाहेरचा द्रव पातळ झाला की पाणी आत शिरतं आणि पेशी फुटते. साबण, डिटर्जंट, अल्कोहोल यांचा अंशसुद्धा पटल विरघळवतो. पेनिसिलिन भित्तिका बनण्याच्या क्रियेवर घाव घालतं. इथे भित्तिकाच नाही, त्यामुळे पेनिसिलिनच्या भर डोसातही हे आरामात वाढतात. पेशी लवचिक असते, म्हणून इतर जिवाणू जिथे अडकतात त्या ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून ती निघून जाते, पुष्कळदा ०.२२ मधूनही. त्यांना मारणाऱ्या गोष्टी टाळायच्या आणि इतरांना अडवणाऱ्या गोष्टी वापरायच्या, असं हे सगळं काम आहे.

काचसामान त्यासाठी वेगळं काढा. नेहमीच्या साबणाने धुतलेली बाटली नळाच्या पाण्याने दहा वेळा आणि डिस्टिल्ड वॉटरने तीन वेळा विसळा. शक्य असेल तर निर्जंतुक डिस्पोजेबल नळ्याच वापरा. ज्या खोलीत प्राण्यांच्या पेशींचं कल्चर चालतं तिथे हे काम मुळीच करू नका. हे जिवाणू गाळणीतून जातात आणि पेनिसिलिनला दाद देत नाहीत, म्हणजे तिथल्या बाटल्यांत शिरले तर निघता निघत नाहीत.

माध्यम

एक लिटरसाठी :

पीपीएलओ ब्रॉथ पावडर (भित्तिका नसलेल्या जिवाणूंसाठीचं तयार माध्यम), क्रिस्टल व्हायोलेट नसलेली – १५ ग्रॅम
साखर (सुक्रोज) – ८० ग्रॅम
फिनॉल रेड, १ टक्का द्रावण – २ मि.लि.
डिस्टिल्ड वॉटर – एकूण ७३० मि.लि. होईल इतकं
ग्लुकोज ५ ग्रॅम आणि फ्रुक्टोज १ ग्रॅम, मिळून २० मि.लि. द्रावण
ताजा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २५ टक्के – ५० मि.लि.
घोड्याचं सीरम – २०० मि.लि.
पेनिसिलिन जी – १० लाख युनिट, म्हणजे दर मि.लि.ला १,०००

पहिले चार घटक एकत्र करून सामू ७.६ वर आणा आणि १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. वेळ वाढवू नका. साखर तांबूस होते, सामू उतरतो आणि फिनॉल रेडचा रंग ओळखणं कठीण जातं. ग्लुकोज-फ्रुक्टोजचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून वेगळं ठेवा. मूळ द्रावण ५० अंशांच्या खाली आलं की त्यात हे गाळलेलं द्रावण, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, सीरम आणि शेवटी पेनिसिलिन मिसळा. तयार माध्यमाचा सामू ७.४ ते ७.६ हवा आणि रंग माणकासारखा लाल.

सीरम आधी ५६ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं ठेवायलाच हवं. ताज्या सीरममधला कॉम्प्लिमेंट नावाचा प्रथिनसमूह उघड्या पटलाला भोकं पाडतो. ही पायरी गाळली तर माध्यम दिसायला उत्तम असतं, पण त्यात काही उगवत नाही, आणि दोष नमुन्याचा वाटत राहतो. सीरममधूनच कोलेस्टेरॉल मिळतं, त्यामुळे ते कमी करून बचत करण्यात अर्थ नाही. ८० ग्रॅम साखरही केवळ खाद्य म्हणून नाही. मकरंद आणि झाडाचा रस दाट असतो, त्या दाटपणाची सवय असलेल्या पेशीला बाहेरचा दाब तेवढाच मिळावा म्हणून ती आहे.

बुरशी आणि यीस्ट मारायला अ‍ॅम्फोटेरिसिन किंवा निस्टॅटिन घालायचा मोह होतो. घालू नका. ही औषधं पटलातल्या स्टेरॉलला चिकटून पटल फोडतात, आणि आपल्या जिवाणूच्या पटलातही सीरममधून घेतलेलं स्टेरॉल असतं. यीस्टचा बंदोबस्त गाळणीने करायचा. थॅलियम अ‍ॅसिटेट जुन्या कृतींमध्ये आढळतं. ते माणसाला अत्यंत विषारी आहे आणि काही स्पायरोप्लाझ्मांनाही सोसत नाही. इथे त्याची गरज पडत नाही.

धुण्यासाठी वेगळा द्रव लागतो. वरचंच माध्यम सीरम आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट न घालता करा, त्यांच्या जागी तेवढंच ८ टक्के साखरेचं निर्जंतुक पाणी घाला. पेनिसिलिन मात्र यातही हवं.

घन माध्यमाला याच कृतीत नोबल आगर घाला. सर्वसाधारण कामाला लिटरला ८ ग्रॅम, स्पायरोप्लाझ्मासाठी २२.५ ग्रॅम. कारण पुढे येईल. सीरम फ्रिजमधून काढून थेट गरम आगरमध्ये ओतलं तर आगरच्या गाठी होतात. आधी ते ४० अंशांच्या आसपास कोमट करून घ्या.

नमुना

फूल उमलून कीटकांची ये-जा झालेली असावी, पण ते कोमेजलेलं नसावं. सकाळी उमलणाऱ्या फुलांचा नमुना काही तासांनी, ऊन कडक होण्याआधी घ्या. पावसानंतर लगेच घेऊ नका, पृष्ठभाग धुतला गेलेला असतो आणि पावसाच्या पाण्याने पेशीही फुटलेल्या असतात. फवारणी झालेली झाडं पूर्ण टाळा. बहुतेक कीटकनाशकांच्या द्रावणात पसरवणारी साबणासारखी द्रव्यं असतात.

लहान फुलं असतील तर २० ते ३०, मोठी असतील तर ३ ते ५ पुरतात. चिमटा आणि कात्री ज्योतीवर धरून थंड करा. अल्कोहोलमध्ये बुडवली असतील तर पूर्ण वाळू द्या. फूल देठासकट कापा आणि निर्जंतुक पिशवीत सैलसर ठेवा. पिशवी थंड पेटीत ठेवायची, पण बर्फाला टेकू द्यायची नाही. त्याच दिवशी प्रक्रिया झाली पाहिजे.

प्रत्येक नमुन्याबरोबर त्याच झाडाच्या बंद कळ्या वेगळ्या पिशवीत घ्या. कळीच्या आत कीटक पोचलेला नसतो, म्हणून हा सगळ्यात मोलाचा कंट्रोल. कळीच्या धुवणातही तोच जिवाणू निघाला तर तो पृष्ठभागावर कीटकाने आणलेला नसून झाडाच्या आतला आहे, किंवा आपल्या माध्यमातून आला आहे, हे तपासावं लागेल. वेळ असेल तर उमलण्याआधीच काही कळ्यांना बारीक जाळीची पिशवी बांधा आणि त्या तशाच उमलू द्या. वय सारखं, फक्त कीटक नाही, अशी तुलना मिळते.

धुणे आणि गाळणे

फुलं वाटायची नाहीत. वाटली की ऊतींमधली फिनॉल द्रव्यं बाहेर येतात, द्रव तपकिरी पडतो आणि जिवाणू मरतात. शिवाय आतल्या रसवाहिनीतलं आणि बाहेरच्या पृष्ठभागावरचं एकत्र होतं, मग मिळालेला जिवाणू कुठला होता हे सांगता येत नाही.

फुलं निर्जंतुक फ्लास्कमध्ये घ्या, ती जेमतेम भिजतील इतका धुण्याचा द्रव घाला, साधारण ५ ते १० मि.लि. हाताने हलकेच गोल फिरवत १० मिनिटं धुवा. जोरात हलवून फेस आणू नका. द्रव निर्जंतुक गॉजमधून दुसऱ्या नळीत ओता आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. परागकण तळाशी बसतात. ते १० मायक्रॉनपासून १०० मायक्रॉनपर्यंत असतात आणि गाळणी बुजवण्यात त्यांचाच हात असतो.

वरचा द्रव १० मि.लि.च्या सिरिंजमध्ये घेऊन आधी ०.८ आणि मग ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. गाळणी वापरण्याआधी तिच्यातून २ मि.लि. धुण्याचा द्रव काढून फेकून द्या. काही पटलांवर ओलावा पकडण्यासाठी साबणासारखं द्रव्य लावलेलं असतं, ते निघून जातं. दट्ट्या अंगठ्याने सावकाश दाबा. अडलं तर जोर लावू नका, गाळणी बदला. जोराने पटल फाटतं किंवा नको ते पलीकडे जातं, आणि दोन दिवसांनी नळी दुधासारखी गढूळ दिसते तेव्हा ते कळतं. ०.२२ ची गाळणी सुरुवातीलाच वापरली तर नळ्या स्वच्छ राहतात, पण पेशींची संख्या फार घटते. फुलावर मुळात संख्या कमी असेल तर हाती काहीच येत नाही. आधी ०.४५, नंतर शुद्धीकरणाच्या वेळी ०.२२, हा क्रम बरा.

पेरणी

पाच नळ्यांत प्रत्येकी १.८ मि.लि. माध्यम घ्या. पहिलीत ०.२ मि.लि. गाळलेला द्रव, नीट मिसळून पहिलीतून ०.२ दुसरीत, असं पाचवीपर्यंत. दर वेळी पिपेटचं टोक बदला. झाकणं घट्ट लावा आणि ३० अंशांवर ठेवा.

हे विरलन केवळ मोजणीसाठी असतं असं समजून पुष्कळजण एकच नळी लावतात. फुलाच्या धुवणात जिवाणूंबरोबर त्यांना रोखणारी द्रव्यंही येतात. पहिल्या नळीत काही नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या नळीत छान वाढ, हे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. द्रव्यं दहापट-शंभरपट पातळ झाली की जिवाणूंना मोकळीक मिळते.

सोबत चार कंट्रोल लावा : कोरं माध्यम, नुसता धुण्याचा द्रव गाळून पेरलेलं माध्यम, कळ्यांचं धुवण, आणि फुलांचंच धुवण ६० अंशांवर अर्धा तास तापवून पेरलेलं. शेवटचा कंट्रोल महत्त्वाचा आहे. मकरंद आणि पाकळ्यांचा रस मुळातच आंबट असू शकतो. तापवलेल्या नळीचाही रंग लगेच उतरला तर तो बदल झाडाच्या आम्लाचा आहे, वाढीचा नाही.

रोज काय पाहायचं

नळ्या रोज एकाच वेळी, पांढऱ्या कागदासमोर, कोऱ्या माध्यमाच्या शेजारी धरून पाहा. वाढ होत असेल तर माणकासारखा लाल रंग आधी विटकरी होतो, मग नारिंगी, मग पिवळा. जलद वाढणारे एक ते तीन दिवसांत रंग बदलतात. मेसोप्लाझ्मा फ्लोरम तर अनुकूल स्थितीत जवळजवळ अर्ध्या तासात दुप्पट होतो. संथ जातींना दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून नळ्या २८ दिवसांआधी टाकू नका. सातव्या आणि चौदाव्या दिवशी रंग बदललेला नसला तरी ०.२ मि.लि. नव्या नळीत हलवा. पुष्कळ संथ जाती दुसऱ्या पिढीतच दिसू लागतात.

नारिंगी रंग दिसला की त्याच दिवशी नव्या माध्यमात १:१० प्रमाणात हलवा. पिवळा होईपर्यंत थांबलात तर उशीर होतो. सामू ६ च्या खाली गेला की पेशी भराभर मरतात. शुक्रवारी संध्याकाळी नारिंगी झालेली नळी सोमवारी पिवळीधमक आणि मेलेली मिळते. सुटीच्या आधी हलवणं शक्य नसेल तर ती नळी फ्रिजमध्ये ठेवा, वाढ मंदावते.

गढूळपणा वेगळा पाहा. हे जिवाणू भरपूर वाढले तरी द्रव किंचित धुरकट दिसतो, नळी तिरकी करून फिरवली तर प्रकाशात रेशमासारखी झाक हलते. दाट गढूळ द्रव, वर साय, तळाशी पांढरा गाळ, यापैकी काही दिसलं तर ते दुसरंच काही आहे. ती नळी ०.२२ मधून गाळून एकदा पुन्हा प्रयत्न करता येतो. रंग उलट गडद गुलाबी झाला तर अमोनिया सुटतोय असं समजा. बरेच स्पायरोप्लाझ्मा आर्जिनिन फोडतात, पण दूषित नळीतही असंच होतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निर्णय नको.

रंगबदल सलग तीन वेळा १:१० हलवूनही टिकला तरच त्याला वाढ म्हणा. झाडातली विकरं आणि आम्लं तिसऱ्या वेळेपर्यंत हजारपट पातळ झालेली असतात.

डार्क-फील्डखाली

पेशीचा व्यास ०.१ ते ०.२ मायक्रॉन असतो, साध्या उजेडात ती हरवते. डार्क-फील्डमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर ती स्वतः चमकते. ऑइल कंडेन्सर वापरा, स्लाइडच्या वर आणि खाली दोन्हीकडे तेल हवं. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं राखाडी दिसतं. मोठेपणा १,००० पट किंवा थोडा जास्त.

नारिंगी रंगाकडे झुकू लागलेल्या नळीतून ५ मायक्रोलिटर थेंब घ्या आणि २२ मि.मी.च्या कव्हरस्लिपखाली पसरवा. थेंब मोठा घेतला तर थर जाड होतो, पेशी वरखाली तरंगत फोकसमधून निसटतात आणि मागे धुकं दिसतं. थेंबात पाणी मिसळायचं नाही.

स्पायरोप्लाझ्मा असेल तर शंका राहत नाही. केसासारखी बारीक, ३ ते १२ मायक्रॉन लांबीची चांदीची मळसूत्रं दिसतात, स्वतःभोवती गरगर फिरतात, मध्येच कोपरात वाकावं तशी वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. द्रव दाटसर असेल तर पुढेही सरकतात. एका पेशीवर नजर ठेवून पीळ मोजता येतात. ही हालचाल कुठल्याही कशाभिकेविना (पोहण्याच्या शेपटीविना) होते, पेशीच्या आतल्या तंतूंच्या पट्टीमुळे.

फसवणारे पुष्कळ असतात. फुटलेल्या परागकणांतून निघालेले धागे थरथरतात, पण त्यांना पीळ सारखा नसतो आणि ते वाकून पुन्हा सरळ होत नाहीत. सीरमचे कण नाचतात, तो नाच द्रवातल्या रेणूंच्या धक्क्यांचा. स्पायरोकीट खरेच पीळदार आणि चपळ असतात, मात्र त्यांना भित्तिका असते आणि पेनिसिलिनमध्ये ते टिकत नाहीत. सगळ्यात मोठी चूक जुन्या नळीची. वाढ उतरणीला लागली की स्पायरोप्लाझ्माचा पीळ सुटतो, पेशी गोलसर होतात, गाठी दिसतात, आणि पाहणारा 'पीळ नाही, म्हणजे मेसोप्लाझ्मा' अशी नोंद करतो. पीळ नाही असं लिहिण्याआधी ताजी, वाढीच्या भरातली नळी दोनदा पाहा. गोल पेशींच्या बाबतीत तर नुसत्या डार्क-फील्डवर काहीच सिद्ध होत नाही. चमकणारा ठिपका म्हणजे कण, पेशी, काहीही असू शकतं.

प्लेटवरची वसाहत

०.१ मि.लि. द्रव प्लेटवर पसरवा, थोडं सुकू द्या, प्लेट ओलसर डब्यात ३० अंशांवर ठेवा. वसाहती ०.१ ते ०.५ मि.मी.च्या असतात, डोळ्यांनी शोधू नका. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली किंवा ४० पट मोठेपणावर, प्लेट उलटी न करता, ३ ते १४ दिवस पाहत राहा. मध्यभाग आगरात घुसलेला आणि दाट, भोवती पातळ कडा, असं तळलेल्या अंड्यासारखं रूप दिसतं.

स्पायरोप्लाझ्माची वसाहत ८ ग्रॅमच्या मऊ आगरवर अशी दिसत नाही. पेशी पोहत बाहेर पडतात, वसाहत विस्कटलेली राहते आणि भोवती लहान लहान वसाहती उठतात. म्हणून २२.५ ग्रॅमचं कडक आगर. त्यात हालचाल अडते आणि वसाहत आटोपशीर राहते.

सीरम जास्त असलेल्या जुन्या प्लेटवर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या साबणासारख्या क्षारांचे गोल स्फटिक उठतात आणि ते हुबेहूब वसाहतींसारखे दिसतात. काहीही न पेरलेली प्लेट त्याच डब्यात, तितकेच दिवस ठेवा. तिच्यावरही 'वसाहती' आल्या तर हिशेब लागला.

डीन्स रंजन इथे उपयोगी पडतं. मेथिलीन ब्लू २.५ ग्रॅम, अ‍ॅझ्युर-२ १.२५ ग्रॅम, माल्टोज १० ग्रॅम, सोडियम कार्बोनेट ०.२५ ग्रॅम, पाणी १०० मि.लि. वसाहतीवर कापसाच्या बोळ्याने एक थेंब ठेवा आणि लगेच पाण्याने विसळा. नेहमीच्या जिवाणूंची वसाहत रंग पचवून अर्ध्या तासात फिकट होते, मॉलिक्यूट्सची निळीच राहते.

शुद्ध करणे आणि एल-रूप वगळणे

एका फुलावर दोन-तीन जाती एकत्र असणं नेहमीचंच. एक वसाहत आगरच्या तुकड्यासकट कापून द्रव माध्यमात टाका. लूपने खरवडू नका, मध्यभाग आगरात रुतलेला असतो. वाढ झाली की द्रव ०.२२ मधून गाळा, म्हणजे पेशींचे गुच्छ सुटतात, आणि विरल करून पुन्हा प्लेटवर पसरवा. असं तीन वेळा. गाळल्याविना हे तीनदा कितीही नीट केलं तरी दोन जातींचा गुच्छ एकच वसाहत बनून पुढे जाऊ शकतो.

मग पेनिसिलिन नसलेल्या माध्यमात सलग पाच वेळा हलवा. पेनिसिलिनच्या माऱ्याखाली काही नेहमीचे जिवाणू भित्तिका टाकून एल-रूपात तग धरतात आणि तसेच गाळणीतूनही जातात. औषध काढल्यावर ते पुन्हा भित्तिका बांधतात, नळी गढूळ होते, ग्रॅम रंजनात स्पष्ट काड्या किंवा गोल दिसतात. पाच पिढ्यांनंतरही काही परतलं नाही, तर तो खरा मॉलिक्यूट. शुद्ध वाणाला टेट्रासायक्लिन मात्र बहुधा मारतं, तीही एक झटपट खूण.

ओळख

स्टेरॉलची चाचणी तीन माध्यमांत करा : सीरमसह, सीरमविना, आणि सीरमविना पण ०.०४ टक्के ट्वीन-८० (स्निग्धाम्ल पुरवणारं द्रव्य) घातलेलं. बिनसीरम माध्यमांत सीरमऐवजी बोव्हाइन अल्ब्युमिन १ टक्का घाला. अ‍ॅकोलेप्लाझ्मा तिन्हीत वाढतो. मेसोप्लाझ्माला सीरम नसेल तर ट्वीन लागतं. एन्टोमोप्लाझ्माला सीरमच हवं. काही स्पायरोप्लाझ्मा ट्वीनवरही वाढतात, म्हणून त्यांची ओळख रूपावरून आधी ठरवा. पहिल्या दोन-तीन पिढ्यांत पेशी मागच्या माध्यमातलं कोलेस्टेरॉल वापरत राहतात, त्यामुळे निकाल पाच पिढ्यांनंतरच लिहा.

नाव लावायचं तर १६-एस जनुकाचा (जिवाणूंची जात ओळखायला वापरतात त्या रायबोसोमच्या जनुकाचा) क्रम वाचावा लागतो. डीएनए शुद्ध वाणातून काढा. फुलाच्या धुवणातून थेट काढलात तर सर्वसाधारण जिवाणू-प्रायमर (पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे तुकडे) हरितलवकाचं आणि तंतुकणिकेचं १६-एस वाढवून देतात आणि क्रम झाडाचाच निघतो. एखादं जनुक दुसऱ्या जिवाणूत घालून प्रथिन बनवायचा विचार असेल तर आणखी एक खाचखळगा आहे. स्पायरोप्लाझ्मा, मेसोप्लाझ्मा, एन्टोमोप्लाझ्मा यांच्यात यूजीए हा संकेत ट्रिप्टोफॅनचा आहे. ई. कोलाय तिथे थांबतो आणि प्रथिन अर्धवट राहतं. अ‍ॅकोलेप्लाझ्मात यूजीए नेहमीसारखा थांबण्याचाच संकेत आहे.

साठवण आणि विल्हेवाट

नारिंगी होण्याच्या बेतात असलेली नळी १ मि.लि.च्या कुप्यांत वाटून उणे ७० अंशांवर ठेवा. माध्यमातलं सीरम आणि साखर संरक्षणाला पुरतात. एक कुपी एकदाच वितळवायची, उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही. आठवड्याने एक कुपी काढून वाढ होते का पाहा, मगच मूळ नळ्या टाका. कुपीवर झाडाचं नाव, फूल की पान, तारीख, कितवी पिढी आणि कितवं शुद्धीकरण हे सगळं लिहा.

फुलावरचे बहुतेक मॉलिक्यूट्स झाडाला इजा करत नाहीत. पण याच गटात स्पायरोप्लाझ्मा सिट्री आहे, जो तुडतुड्यांमार्फत संत्रावर्गीय झाडांत रोग पसरवतो आणि ज्याचं नामकरण १९७३ मध्ये झालं. मक्याची वाढ खुंटवणारा स्पायरोप्लाझ्मा कुंकेली आहे. मधमाश्यांना आजारी पाडणारे स्पायरोप्लाझ्मा मेलिफेरम आणि स्पायरोप्लाझ्मा एपिस आहेत, आणि हे दोघे फुलांवरही मिळू शकतात. नाव ठरेपर्यंत प्रत्येक वाण यांच्यापैकी एक असू शकतो असं धरून चाला. साखरेचं माध्यम सिंकमध्ये ओतलं किंवा उघड्या कचऱ्यात टाकलं तर माश्या आणि मधमाश्या त्यावर येतातच. नळ्या, प्लेट, गाळण्या आणि धुतलेली फुलंसुद्धा १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर जाऊ द्या.